पुण्यांतील नासासंधान आणि माशाची त्वचा

१

प्रस्तुत टिपणाचें निमित्त लहानसेंच आहे. गेल्या हिंवाळ्यांत सोलापूर येथें आमच्या स्नेहीमंडळाच्या बैठकींत, शस्त्रक्रियेचे व्रण माशाच्या त्वचेनें भरून आणण्याच्या नव्या उपायाची गोष्ट निघाली. जुन्या पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या एका गृहस्थांनीं लागलीच उद्गार काढिले कीं, यांत नवल तें काय? सुश्रुतसंहितेंत व्रणबंधनाच्या द्रव्यांमध्यें 'चर्म' सांगितलेलेंच आहे. आणि पेशवाईंत पुण्याच्या कारागिरानें कापलेलें नाक जोडलें, तेंहि त्याच संहितेवरून. बैठकींतील सर्वांनीं माना डोलावल्या. आमचीहि डोलली; कारण विधानाचा उत्तरार्ध आम्हींच तीस वर्षें संस्कृताच्या वर्गांत मुलांस सांगत आलों होतों. परंतु घरीं आल्यावर संहितेचा मूळ अध्याय आणि १७९४ चा छापील वृत्तांत शेजारीं शेजारीं मांडून वाचले, तेव्हां हीं दोन्ही विधानें जशीं बोललीं जातात तशीं टिकत नाहींत, असें आढळून आलें. तें कां, हें साधार मांडणें एवढाच येथें हेतु आहे. आपल्या पूर्वजांचें श्रेय कमी करावें असा यांत उद्देश नाहीं. श्रेय ज्याचें त्यास पोंचावें, एवढीच इच्छा आहे.

२

प्रथम पुण्याचा प्रसंग घेऊं. त्याचें मुख्य समकालीन साधन म्हणजे लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन' नामक मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत आलेलें पत्र. पत्राखालीं 'बी. एल.' एवढीच सही आहे. त्यांतील हकीकत अशी. टिपूशीं झालेल्या १७९०-९२ च्या युद्धांत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हांकण्याच्या कामावर असलेला एक मराठा शेतकरी टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात कापून त्यास सोडून देण्यांत आलें. पुढें तो श्रीरंगपट्टणानजीक मुंबईकर इंग्रज फौजेस येऊन मिळाला व कंपनीनें त्यास निवृत्तिवेतन बांधून दिलें. वर्षभराहून अधिक काळ तो नाकावांचून होता. त्यानंतर पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका मनुष्यानें त्यास नवें नाक बसवून दिलें. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज वैद्य, टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले, यांनीं ही क्रिया डोळ्यांनीं पाहिली. मासिकांत दुसऱ्याचें नांव 'ट्रिंडले' असें छापलें आहे. तो मुद्रणदोष समजावा.

रोग्याचें नांव पत्रांत 'कावसजी' असें येतें. हें रूप पारशी नांवाचें आहे, म्हणून कित्येकांनीं त्यास पारशी ठरविलें. परंतु तेंच पत्र त्याची जात मराठा शेतकऱ्याची म्हणून स्पष्ट सांगतें. इंग्रज लेखकांच्या कानांनीं आपल्या नांवांची काय दशा केली आहे, हें दप्तरें चाळणाऱ्यांस सांगावयास नको. सबब केवळ नांवाच्या रूपावरून जात ठरविण्यापेक्षां वृत्तांताचा स्पष्ट शब्द ग्राह्य मानणें योग्य.

पत्राबरोबर रोग्याचें चित्रहि छापलें आहे. तें मूळचें जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचें. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पुण्यांत असतां वेल्स तेथें आला, व सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचें त्यानें काढलेलें चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. रोग्याचें चित्र जानेवारी १७९४ मध्यें, म्हणजे क्रियेनंतर सुमारें दहा महिन्यांनीं काढलें गेलें. यावरून क्रियेचा काळ १७९३ च्या आरंभींचा ठरतो. म्हणजे सवाई माधवराव गादीवर, कारभार नानांचा, आणि खर्ड्याची लढाई व्हावयास अजून दोन वर्षें अवकाश, असा तो काळ होय.

३

आतां क्रिया पाहूं. वृत्तांतांत ती इतकी तपशीलवार दिली आहे कीं, पाहणाराची नजर वैद्याची होती याविषयीं शंका राहत नाहीं.

आरंभीं मेणाची एक पातळ चकती नाकाच्या उरलेल्या खुंटावर बसवून तिला चांगल्या नाकाचा आकार दिला. मग ती सपाट करून कपाळावर ठेविली व तिच्या कडेनें रेघ ओढली. त्या रेघेच्या आंतील कातडी कारागिरानें सोलून मोकळी केली. मात्र दोन्ही डोळ्यांच्या मध्यें एक अरुंद पट्टी न कापतां तशीच राखली. ह्या पट्टीच्या वाटेनें सोललेल्या कातडीस रक्त मिळत राहतें. नंतर नाकाच्या खुंटावरील जुना वण खरवडून ताजा केला, नाकपुड्यांच्या भोंवतीं व वरच्या ओठाच्या बाजूनें खांच घेतली, आणि कपाळाची कातडी खालीं आणून, अर्धा पीळ देऊन, तिची कड त्या खांचेंत बसविली. पीळ देण्याचें कारण उघड आहे. तो न दिल्यास कातडीची बाहेरची बाजू आंत जाईल.

सांधा पक्का राहावा म्हणून खैराचा कात पाण्यांत मऊ करून कापडाच्या पट्ट्यांस लाविला व अशा पांच-सहा पट्ट्या एकावर एक ठेविल्या. मूळ इंग्रजींत काताला 'जपानी माती' अशा अर्थाचें नांव आहे. तो मातीहि नव्हे व जपानचाहि नव्हे. व्यापाऱ्यांनीं रूढ केलेलें तें जुनें नांव आहे. चार दिवस ह्या काताखेरीज दुसरा लेप नाहीं. मग तो काढून तुपांत भिजविलेल्या चिंध्या लावावयाच्या. पांच-सहा दिवस रोग्यानें उताणें निजावयाचें. दहाव्या दिवशीं नाकपुड्या मोकळ्या राहाव्या म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालावयाचे. आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं, नवें नाक आपल्या जागीं रुजलें म्हणजे, डोळ्यांमधील ती पट्टी छेदावयाची. ही क्रिया बहुधा यशस्वी होते, नाक बळकट असतें, आणि कपाळावरील वण कालांतरानें फारसा दिसत नाहीं, असेंहि लेखक नमूद करितो.

'बहुधा यशस्वी होते' हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकदांच घडलेल्या गोष्टीविषयीं असें कोणी लिहीत नाहीं. तेव्हां हा एकट्या कावसजीपुरता प्रयोग नव्हता. नित्य परिपाठांतील हातखंडा क्रिया होती.

४

आतां संहिता. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायांत कर्णवेध, व तुटलेल्या कर्णपालीच्या संधानाचे पंधरा प्रकार सांगून झाल्यावर, शेवटीं नासासंधान येतें. यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं संशोधिलेली निर्णयसागरची आवृत्ति आम्हीं समोर ठेविली आहे. तीवरून विधीचा सारांश असा: झाडाचें पान घेऊन त्यानें नाकाचें प्रमाण ठरवावें, त्या प्रमाणाचा भाग गालाच्या बाजूनें उचलावा, नाकाचें टोंक खरवडून तो भाग त्वरेनें तेथें जोडावा, दोन नळ्या घालून नाक उंच राखावें, पतंग, ज्येष्ठमध व अंजन यांचें चूर्ण त्यावर पसरावें, पांढऱ्या कापसानें झांकून तिळाच्या तेलानें वरचेवर सिंचन करावें, आणि सांधा रुजल्यावर उरलेला अर्धा भाग पुन्हां छेदावा.

दोन्ही वर्णनें ताडून पाहतां भेद स्पष्ट दिसतात. संहितेंत मापाला झाडाचें पान, पुण्यांत मेणाची चकती. संहितेंत कातडी गालाची, पुण्यांत कपाळाची. तेथें नळ्या आरंभापासून, येथें बोळे दहाव्या दिवसापासून. तेथें तीन औषधांचें चूर्ण आणि तिळाचें तेल, येथें एकटा कात आणि मागाहून तूप. यांतील गाल व कपाळ हा भेद केवळ पाठभेदाचा नव्हे. कातडी वळविण्याची दिशा, पीळ आणि राहणारा वण, सर्वच त्यानें बदलतें. ज्यानें संहिता वाचून हात चालविला तो गाल सोडून कपाळाकडे कां वळेल? तात्पर्य, पुण्याचा कारागीर ग्रंथ उघडून त्यावरहुकूम क्रिया करीत होता, हें विधान मागें घेणें प्राप्त आहे. आणि वर्गांत तें इतकीं वर्षें केल्याबद्दल दोष आमचाच आहे.

परंतु एवढ्यावरून दोहोंत संबंधच नाहीं असें म्हणणेंहि उतावळेपणाचें होईल. कर्णपालीच्या संधानांत, गालाचें मांस उचलून पाळी करावी, असें सांगतांना संहिताकार त्या मांसास 'सानुबंध' व 'जीवत्' हीं दोन विशेषणें लावितात. म्हणजे तें मांस मूळ शरीराशीं जोडलेलें व जिवंत असें असावें. नासासंधानाच्या श्लोकांत ह्या ठिकाणीं 'बद्ध' एवढाच शब्द आहे. परंतु शेवटीं 'अर्धशेष' भाग छेदावा म्हणून जें सांगितलें आहे, तें पंचविसाव्या दिवशीं पट्टी छेदण्याशीं नीट जुळतें. तेव्हां क्रियेचा प्राण, म्हणजे नवें कातडें रुजेपर्यंत त्याचें मूळ तोडूं नये हें तत्त्व, दोन्हींकडे एकच आहे. तत्त्व तेंच, कृति निराळी, औषधें निराळीं, आणि करणारा ग्रंथाच्या परंपरेबाहेरचा. अशी ही वस्तुस्थिति आहे. पोथ्यांची आवड असणाऱ्यांनीं येथें एक गोष्ट ध्यानीं ठेवावी. नेपाळांत काठमांडूच्या कैसर ग्रंथालयांत सुश्रुताची इ. स. ८७८ मधील ताडपत्री पोथी आहे, म्हणजे टीकाकार डल्हणाच्याहि पूर्वींची. नेपाळी पोथ्यांवरून हाच अध्याय संपादून २०२३ सालीं प्रसिद्ध झाला आहे. छापील पाठावर विसंबून एकेका शब्दाचा वाद घालण्यापूर्वीं तो पाहणें अगत्याचें होय.

५

पुण्याच्या वृत्तांताचें पुढें काय झालें? जोसेफ कार्प्यू नामक लंडनच्या शस्त्रवैद्यानें तो वाचला, प्रेतांवर वर्षानुवर्षें सराव केला, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं एका लष्करी अंमलदाराचें नाक ह्याच रीतीनें जोडलें. अशा दोन क्रियांचा त्याचा ग्रंथ १८१६ त निघाला. १८१८ त बर्लिनच्या ग्रेफेनें ह्या विषयावर जर्मन ग्रंथ लिहिला. युरोपांत तत्पूर्वीं हा विषय अज्ञात होता असें नव्हे. बोलोन्याच्या तालिआकोत्सीनें १५९७ त दंडाच्या कातडीनें नाक करण्याची रीत ग्रंथरूपानें मांडली होती. परंतु ती मागें पडली होती. कपाळाच्या कातडीची रीत मात्र आजहि जगभर 'हिंदी पद्धति' ह्याच नांवानें ओळखली जाते.

ह्या सर्व परंपरेंत नांवें कोणाकोणाचीं राहिलीं, तें पाहावें. रोग्याचें राहिलें, पाहणाऱ्या दोघांचें राहिलें, चित्रकाराचें राहिलें, चित्राचें ताम्रपट करणाऱ्या विल्यम नटरचें राहिलें. वेल्सच्या हाताखालीं काम करणाऱ्या पुण्याच्या गंगाराम तांबटाचेंहि नांव इतिहासांत आहे. ज्याच्या हातानें नाक जुळलें, त्याची जात नोंदली गेली, नांव नाहीं.

६

आतां माशाच्या त्वचेकडे वळूं. पुण्याच्या क्रियेंत कातडी रोग्याची स्वतःची व जिवंत होती. परंतु भाजल्यामुळें किंवा मोठ्या शस्त्रक्रियेमुळें त्वचेचा विस्तृत भाग गेला, तर रोग्याच्या अंगावर उसनी घेण्याजोगी त्वचाच पुरत नाहीं. उघड्या व्रणांतून शरीरांतील पाणी व उष्णता निघून जाते, जंतु आंत शिरतात. म्हणून कांहीं काळ तरी आच्छादन हवें. मृतांनीं दान केलेली त्वचा हा त्यावर एक उपाय; त्यासाठीं २००० सालीं मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत त्वचापेढी निघाली. गाई-डुकरांच्या शरीरांतील पडदेहि वापरतात. परंतु त्यांतून रोग संक्रमूं नये म्हणून त्यांवर कडक संस्कार करावे लागतात, आणि अनेकांस ते धर्मदृष्ट्या निषिद्ध वाटतात.

माशाच्या त्वचेच्या दोन रीति प्रचारांत आल्या आहेत. पहिली आइसलंडची. तेथील केरेसिस नांवाच्या कंपनीनें उत्तर अटलांटिकांतील कॉड माशाची त्वचा घेऊन, तिच्यांतील पेशी काढून टाकून, ती गोठवून शुष्क करण्याची रीत बसविली. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याची परवानगी तिला २०१३ त मिळाली. थंड पाण्यांतील माशांचे रोग माणसास लागण्याचें भय अत्यल्प, म्हणून संस्कार सौम्य पुरतात, आणि त्वचेची मूळची सच्छिद्र घडण व स्निग्धांश टिकून राहतात. ती व्रणावर बसविली म्हणजे रोग्याच्या स्वतःच्या पेशी तिच्या छिद्रांत शिरतात, तिच्या आधारानें नवें मांस धरतें, आणि ती हळूहळू त्यांतच जिरून जाते. ८१ निरोगी स्वयंसेवकांच्या हातांवर मुद्दाम केलेल्या १६२ लहान व्रणांवर ही त्वचा आणि डुकराच्या आंतड्याचा पडदा यांची तुलना करण्यांत आली. २०१५ त प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत माशाच्या त्वचेचे व्रण लवकर भरलेले आढळले.

दुसरी रीत ब्राझिलांतील फोर्तालेझा शहरची. तेथील वैद्यांनीं टिलापिया माशाची त्वचा स्वच्छ व निर्जंतुक करून भाजलेल्या रोग्यांवर वापरली. ती व्रणास घट्ट चिकटून कित्येक दिवस राहते. त्यामुळें रोजची पट्टी बदलण्याची वेदना चुकते. येथें ती शरीरांत जिरत नाहीं. खालीं नवी त्वचा आली म्हणजे काढून टाकावयाची. म्हणजे पहिली रीत आधाराची, दुसरी आच्छादनाची. दोहोंतहि बाजारांतल्या माशाची कच्ची कातडी घरीं जखमेवर लावण्यास मुळींच आधार नाहीं. तसें केल्यास जंतूंस आमंत्रण मिळेल, हें स्पष्ट सांगून ठेवणें आमचें कर्तव्य आहे.

टिलापिया म्हणजे आपल्या जिल्ह्यांतील लोक जिला 'चिलापी' म्हणतात ती. माढें तालुक्यांत भीमेवर १९८० त पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयांत ती विपुल मिळते आणि भिगवण-इंदापूरच्या बाजारांत ढिगांनीं येते. परंतु तिचें मूळ स्थान आफ्रिका. हिंदुस्थानांत टिलापिया प्रथम आली ती १९५२ त. कॉड तर आपल्या समुद्रांत नाहींच.

७

यावरून आमच्या स्नेह्यांच्या विधानाच्या पूर्वार्धाचा निकाल लागतो. संहितेंत 'चर्म' शब्द आहे, हें खरें. पण तो अठराव्या अध्यायांत, बंधनाच्या द्रव्यांत, क्षौम, कापूस, लोंकर, रेशीम, झाडाची अंतर्साल, भोपळ्याचा तुकडा, वेल, दोरी आणि लोह यांच्या पंक्तीस बसलेला आहे. हीं सारीं बाहेरून बांधावयाचीं द्रव्यें होत. व्रणांत बसून त्याच्याशीं एकरूप व्हावें अशी त्यांतील कोणाचीच योजना नाहीं. भोपळ्याच्या तुकड्यास कोणी त्वचारोपण म्हणत नाहीं. मग त्याच पंक्तींतील 'चर्मा'सच तेवढें माशाचें कातडें कां ठरवावें? शिवाय संहितेचें तत्त्व आहे 'सानुबंध' आणि 'जीवत्' यांचें. माशाची त्वचा मूळ शरीराशीं जोडलेली नसते आणि जिवंतहि नसते. तिचा उपयोग होतो तो ह्या तत्त्वाच्या बाहेर जाऊन. नवें तें नवें म्हणावें. त्यानें जुन्यास उणेपणा येत नाहीं.

उलट, प्रत्येक नवी गोष्ट पोथींत दाखविण्याच्या ह्या हौसेनें खरी हानि होते ती पुण्याच्या कारागिराची. त्याच्या हातचें कौशल्य आपण सुश्रुताच्या नांवें जमा करितों आणि त्यास केवळ वाचून करणारा ठरवितों. प्रत्यक्षांत गाल सोडून कपाळाकडे वळणें, मेणाचें माप, काताचा सांधा, हें सारें त्याच्या परंपरेनें अनुभवानें साधलेलें होतें. एकदां त्याचें नांव वृत्तांतानें गाळलें. दुसऱ्यांदां त्याचें श्रेय आम्ही गाळूं नये.

ह्यावरून संग्राहकांस एक विनंति कराविशी वाटते. वैद्यकाच्या पोथ्या मिळाल्या म्हणजे चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्या प्रती आपण आदरानें बासनांत बांधतों, आणि त्यांबरोबर आलेलीं मोडी बाडें, ज्यांत कोणा घरच्या वैद्यानें लेप, काढे, हाडें बसविण्याच्या युक्ति, उधारी आणि बारशाच्या तिथि एकाच पानावर टिपून ठेविल्या असतात, तीं रद्दी म्हणून बाजूस सारतों. हाताची विद्या लिहून ठेवली गेली असेल तर ती अशाच पानांवर. कुंभार, न्हावी, वैदू यांच्या घरचे कागद तर कोणी मागावयासहि गेलें नाहीं. ज्यांच्या संग्रहीं अशीं बाडें असतील त्यांनीं तीं एकवार पानोपान पाहावीं, आणि संधान, शिवण, कातडें, कात, मेण यांचा उल्लेख मिळाल्यास मूळ मजकुराच्या नकलेसह मंडळाकडे पाठवावा. शब्दाचा अर्थ लागला नाहीं तरी हरकत नाहीं. नक्कल मात्र जशीच्या तशी असावी. इत्यलम्.